प्रायमरीतला उमेदवार खरोखर शर्यतीत आहे की नुसताच उभा आहे, हे कशावरून ओळखता?

हडसनकाठी
मंडळी, अमेरिकेचं नागरिकत्व मिळून थोडे महिने झालेत. २०२८ची अध्यक्षीय प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार मतदारांनी निवडायची फेरी, ही माझी पहिलीच. आत्तापासूनच कुणी ना कुणी न्यू हॅम्पशायरला चक्कर मारून येतंय, मुलाखती देतंय, आणि इनबॉक्समध्ये "फक्त ५ डॉलर द्या" अशा ईमेल येऊन पडतायत. मला मनापासून काम करायचंय. फोन करायचे, दारोदार जायचं, जमतील तेवढे पैसे द्यायचे. पण ज्याला उमेदवारी मिळण्याची काही शक्यता आहे अशासाठीच.

पोलवर माझा विश्वास नाही. २००७ सालात जवळजवळ पूर्ण वर्ष रिपब्लिकनांच्या देशव्यापी पोलमध्ये रूडी जुलियानी पुढे होते. त्यांनी सुरुवातीच्या राज्यांकडे पाठ फिरवली, सगळा भर फ्लोरिडावर ठेवला, तिथे तिसरे आले आणि जानेवारी २००८ संपायच्या आत घरी गेले. एकही राज्य जिंकलं नाही. मग पोल नाही तर काय बघायचं? पक्ष कुठलाही असो, तुमची कसोटी सांगा. कुठला पक्ष चांगला यावर दुसरे धागे आहेत, ते भांडण तिकडे.

अण्णा_सदाशिव
चांगला विषय काढलात. पोल अगदीच टाकाऊ नसतात, पण वर्षभर आधीच्या पोलमध्ये लोक बहुधा ओळखीचं नाव सांगतात. १९७५ मध्ये जिमी कार्टरना जॉर्जियाबाहेर फारसं कुणी ओळखत नव्हतं. १९७६च्या आयोवा कॉकसमध्ये (पक्षाच्या मतदारांनी सभेत जमून कौल द्यायचा, तो कॉकस) सगळ्यात जास्त, म्हणजे ३७ टक्क्यांच्या आसपास कौल 'अजून कुणीच ठरलेलं नाही' या बाजूला गेला. कार्टरना मिळाले सुमारे २८ टक्के. पण उमेदवारांमध्ये ते पहिले होते आणि तिथून त्यांची गाडी सुटली.

मी पोलमध्ये दोनच गोष्टी बघतो. किती जणांना हा माणूस माहीत आहे, आणि माहीत असलेल्यांपैकी किती जणांना आवडतो. निम्म्या मतदारांना नाव ठाऊक नाही, पण ज्यांना ठाऊक आहे त्यांना तो आवडतो, असा उमेदवार वाढू शकतो. सगळे ओळखतात तरी २५ टक्क्यांवर अडकलाय, त्याला वाढायला जागा कुठे आहे?

सांगलीकर
इकडून एक बाळबोध शंका. आपल्याकडे तिकीट वरून येतं. इच्छुक मुंबई-दिल्लीच्या वाऱ्या करतात, यादी जाहीर होते, ज्याचं नाव नाही तो बंडखोरी करतो. तिकडे पक्षाचे मोठे नेते गप्प बसून बघतात का?

अण्णा_सदाशिव
@सांगलीकर, शंका बाळबोध अजिबात नाही. १९६८पर्यंत तिकडेही बरंचसं असंच होतं. ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता शिकागोच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक उमेदवार झाले. बाहेर रस्त्यावर व्हिएतनाम युद्धाचे विरोधक पोलिसांचा मार खात होते. त्या संतापातून पक्षाने मॅकगव्हर्न-फ्रेझर आयोग नेमला आणि १९७२पासून डेलिगेट, म्हणजे अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी, बहुतांशी मतदारांच्या कौलावर निवडले जाऊ लागले. आयोगाचे पहिले अध्यक्ष जॉर्ज मॅकगव्हर्न हेच १९७२चे उमेदवार झाले. नियम तोंडपाठ असलेल्या माणसाला केवढा फायदा होतो, ते बघा.

नेते गप्प बसत नाहीत. फक्त आता त्यांना आदेश काढता येत नाही, मतदाराला सांगावं लागतं. कधीकधी मतदार ऐकतो.

बे_एरिया_बंड्या
माझी कसोटी पैसा. पण एकूण किती जमले हा आकडा नव्हे. उमेदवारांना फेडरल निवडणूक आयोगाकडे हिशेब द्यावा लागतो आणि तो कुणालाही वाचता येतो. निवडणुकीच्या आदल्या वर्षी १५ एप्रिल, १५ जुलै, १५ ऑक्टोबर आणि मग ३१ जानेवारी, या चार तारखा लिहून ठेव. त्यात तीन गोष्टी बघायच्या: हातात शिल्लक किती, जमलेल्यातले खर्च किती झाले, आणि २०० डॉलरच्या आतल्या देणग्यांचा वाटा किती. लहान देणगीदाराकडे पुन्हा जाता येतं. कायद्याच्या मर्यादेपर्यंत देऊन बसलेला मोठा देणगीदार तुमच्यासाठी संपला.

स्कॉट वॉकर आठवा. २०१५च्या उन्हाळ्यात आयोवात आघाडीवर, मोठा कर्मचारीवर्ग, आणि सप्टेंबरमध्ये बाहेर. खर्चाचा वेग आवकीच्या पुढे गेला होता. त्याच वर्षी जेब बुश यांच्या सुपर पॅकने (उमेदवाराच्या बाजूने, पण त्याच्यापासून वेगळा राहून अमर्याद देणग्या घेणारा गट) पहिल्या सहा महिन्यांत १० कोटी डॉलरच्या वर जमवले. हाती आले ४ डेलिगेट. सुपर पॅकचा पैसा उमेदवाराच्या स्वतःच्या खात्यात येत नाही, त्यातून ऑफिसचं भाडं आणि माणसांचे पगार भागत नाहीत, हे लोक विसरतात.

उंडगा
२०२३ मध्ये डग बर्गम यांनी १ डॉलर देणाऱ्याला २० डॉलरचं गिफ्ट कार्ड दिलं होतं. अशी गुंतवणूक पुन्हा निघाली तर बंड्याभाऊ, रात्री-अपरात्री कधीही फोन करा.

बे_एरिया_बंड्या
@उंडगा :) पण त्यामागचं कारण महत्त्वाचं आहे. रिपब्लिकन पक्षाची अट होती की पहिल्या वादसभेत उभं राहायचं तर किमान ४०,००० देणगीदार हवेत, शिवाय पोलमध्ये १ टक्का. त्यांनी अट पुरी केली, मंचावर उभे राहिले आणि मतदान सुरू होण्याआधीच थांबले. म्हणजे मंचावर कोण आहे यावरून काही ठरत नाही.

मिशिगनमामा
पैशावरून आमच्याकडची गोष्ट. अध्यक्षपदाची नाही, पण प्रायमरीचीच. श्री ठाणेदार, मूळ बेळगाव जिल्ह्यातले, मराठी माणूस. २०१८ मध्ये मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीत उतरले आणि स्वतःचे सुमारे १ कोटी डॉलर घातले. टीव्ही लावला की त्यांची जाहिरात. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमात दुसरा विषय नव्हता, मराठी माणूस गव्हर्नर होणार म्हणून सगळे हरखून गेलेले. ग्रेचेन व्हिटमर निम्म्याहून जास्त मतं घेऊन जिंकल्या, ठाणेदार तिसरे आले.

पुढचं जास्त सांगण्यासारखं आहे. ते खचले नाहीत. २०२० मध्ये राज्याच्या विधानसभेत गेले आणि २०२२ मध्ये डेट्रॉइटकडच्या मतदारसंघातून थेट काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. जाहिरातीने नाव झालं होतं, मतदारसंघ मात्र बांधावा लागला. आणि पहिल्या खेपेला हरला म्हणून माणूस गंभीर नव्हता असं मी कुणाला म्हणू देणार नाही.

कागदवाला
सगळ्यांचं वाचलं. माझी कसोटी रुक्ष आहे, पण मला तीच पटते: उमेदवाराचे कागद बघा.

अमेरिकेत एका ठिकाणी अर्ज भरून देशभर नाव लागत नाही. प्रत्येक राज्याची मुदत वेगळी, फी वेगळी, सह्यांची अट वेगळी. न्यू हॅम्पशायरला १,००० डॉलर भरले की नाव मतपत्रिकेवर, म्हणून तिथे दर वेळी डझनावारी नावं असतात. पण २०१२च्या व्हर्जिनियाचं बघा. अट होती १०,००० वैध सह्यांची, आणि प्रत्येक काँग्रेस मतदारसंघातून किमान ४००. डिसेंबर २०११ मध्ये न्यूट गिंग्रिच देशव्यापी पोलमध्ये वर होते. राहायला व्हर्जिनियातच. त्यांच्या सह्या कमी भरल्या. रिक पेरींच्याही कमी भरल्या. सँटोरम यांनी तर अर्जच दिला नाही. मार्चमध्ये मतपत्रिकेवर दोनच नावं, मिट रॉमनी आणि रॉन पॉल. ज्याला स्वतःच्या राहत्या राज्यात १०,००० सह्या वेळेत गोळा करता येत नाहीत, तो ५० राज्यांत लढणार कसा?

@हडसनकाठी, तू न्यू जर्सीचा दिसतोस, म्हणून दुसरं उदाहरण तुझ्यासाठी. ५ फेब्रुवारी २००८, सुपर ट्यूसडे, म्हणजे एकाच दिवशी बऱ्याच राज्यांचं मतदान. हिलरी क्लिंटन न्यू जर्सी जिंकल्या, सगळीकडे मोठी बातमी. डेलिगेट ५९ विरुद्ध ४८, म्हणजे ११ची आघाडी. त्याच रात्री ओबामांनी आयडाहोचा कॉकस जिंकला. तिथे एकूण डेलिगेटच १८. ओबामांना १५, क्लिंटनना ३. आघाडी १२ची. टीव्हीवर आयडाहोचा उल्लेख नावापुरता. पण ओबामांची माणसं तिथे आधीपासून ऑफिस उघडून बसली होती. गंभीर उमेदवार असा दिसतो.

शुभ्रकळी
कागदवाले दादा, मुद्दा पटला, पण २०१६च्या ट्रम्पचं काय? त्यांची जमिनीवरची बांधणी विरळ होती, सगळ्या अभ्यासकांनी हेच म्हणून त्यांना मोडीत काढलं होतं.

कागदवाला
@शुभ्रकळी, विरळ होतीच, आणि तिची किंमतही मोजली. कोलोरॅडोत त्या वर्षी रिपब्लिकनांनी जनमताचं मतदान घेतलंच नाही, अधिवेशनांतून डेलिगेट निवडले. तिथे निवडून आलेले सगळे ३४ टेड क्रूझ घेऊन गेले. पण ट्रम्पकडे मतं होती आणि नियम त्यांच्या बाजूने पडले. साउथ कॅरोलायनात त्यांना साधारण ३२ टक्के मतं, डेलिगेट मात्र ५०पैकी ५०. विरोध पाच जणांत वाटलेला. डेमोक्रॅटांच्या नियमांत हे झालं नसतं, तिथे १५ टक्क्यांच्या वर गेलेल्या प्रत्येकाला प्रमाणात वाटा मिळतो. म्हणून उमेदवार कुठल्या पक्षाच्या नियमांत लढतोय, हेही कागदच.

आयोवाकरीण
मी डे मॉइनजवळ राहते आणि हा सगळा तमाशा दर चार वर्षांनी अंगणात बघते. कागदवाले, बांधणीवर इतकं वजन टाकू नका. २०२४ आधी रॉन डिसँटिस आमच्या सगळ्या ९९ काउंट्या फिरले. विवेक रामास्वामी तर दोनदा फिरल्याचं सांगत होते. डिसँटिसच्या बाजूने एक श्रीमंत सुपर पॅक दारं ठोठावत होता. निकाल? ट्रम्प ५१ टक्के, डिसँटिस २१, निकी हेली १९, रामास्वामी ७.७. रामास्वामी त्याच रात्री थांबले, डिसँटिस सहा दिवसांनी.

दारावर कोण येतंय ते मी बघते. परराज्यातून पगारावर आणलेला मुलगा टॅबवर बघून तेच वाक्य वाचतो आणि पुढच्या घरी जातो. गावातल्या शाळेची निवृत्त बाई शेजारणीला घेऊन येते, बसते, चहा घेते आणि "तुम्ही अजून ठरवलं नसेल तर ठरवू नका, पण यांना एकदा ऐका" म्हणते. दुसऱ्या प्रकारची माणसं ज्याच्याकडे आहेत त्याला मी गंभीर धरते, मग त्याचा पोल काहीही असो. नोव्हेंबरनंतर हे दिसायला लागतं.

आता २०२० सांगते. डेमोक्रॅटिक कॉकस म्हणजे शाळेच्या व्यायामशाळेत ज्याच्या त्याच्या कोपऱ्यात उभं राहायचं. आमच्याकडे १५ टक्के जमले नाहीत तर तो गट मोडतो आणि माणसं दुसऱ्या कोपऱ्यात जातात. आमच्या प्रिसिंक्टमध्ये (मतदानाच्या छोट्या विभागात) बायडन यांचा कोपरा भरेना. काठ्या घेऊन आलेले आजी-आजोबा, दोन-तीन कामगार संघटनेचे लोक, बस्स. शेवटी गट मोडला. राज्यात ते चौथे आले, न्यू हॅम्पशायरला पाचवे. घरी परतताना पार्किंगमध्ये सगळे म्हणत होते, बायडन संपले.

उंडगा
आणि त्या रात्रीचा निकाल सांगायला अ‍ॅप चाललं नाही तो भाग, ताई?

आयोवाकरीण
@उंडगा, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल. झोपायला गेलो तेव्हा निकाल नाही, उठलो तेव्हाही नाही. शेवटी डेमोक्रॅटांनी २०२४ला आमच्याकडून पहिला मान काढून घेतला आणि साउथ कॅरोलायनाला पुढे आणलं.

अण्णा_सदाशिव
आयोवाकरीण ताईंनी जिथे सोडलं तिथून पुढे नेतो, कारण माझ्या मते उत्तर तिथेच आहे. आयोवा आणि न्यू हॅम्पशायर ही दोन्ही बहुतांशी गोऱ्यांची राज्यं. बूटेजेज यांनी आयोवात डेलिगेटांत पहिला नंबर काढला, न्यू हॅम्पशायरला सँडर्सच्या अगदी जवळ दुसरे. साउथ कॅरोलायनात निम्म्याहून जास्त डेमोक्रॅटिक मतदार कृष्णवर्णीय, तिथे ते ८ टक्क्यांवर. तीन दिवस आधी तिथले वजनदार कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडनना पाठिंबा जाहीर केला आणि बायडन ४८ टक्क्यांच्या वर गेले. मग पुढच्या दोन दिवसांत बूटेजेज आणि एमी क्लोबुशार दोघं थांबले आणि बायडन यांच्यामागे उभे राहिले. अब्जाधीश उमेदवार ब्लूमबर्ग यांनी सुमारे १ अब्ज डॉलर ओतले होते. हाती अमेरिकन समोआ लागलं.

बायडनकडे पैसा नव्हता, आयोवात माणसं नव्हती. पण बाकीचे बाहेर पडल्यावर त्यांचे मतदार कुणाकडे जातील, याचं उत्तर त्यांच्या बाजूचं होतं. २०२४ला हेलींचं उलटं झालं. डिसँटिस गेल्यावर लढत दोघांतच उरली. न्यू हॅम्पशायरला ४३ टक्के मिळाले, त्यात मोठा भाग अपक्ष मतदारांचा. जिथे पक्षाचा नेहमीचा मतदार जास्त तिथे त्या अडल्या, स्वतःच्या साउथ कॅरोलायनातही ३९-४० टक्क्यांवर राहिल्या. व्हर्माँट आणि राजधानी वॉशिंग्टन एवढंच जिंकलं.

म्हणून पोल वाचताना खालचा प्रश्न शोधा: "तुमची दुसरी पसंती कोण?" तो आकडा मला पहिल्या पसंतीइतकाच मोलाचा वाटतो.

शुभ्रकळी
मला या सगळ्या चर्चेत एक गोष्ट खटकतेय. गंभीर म्हणजे जिंकू शकणारा, असं आपण धरूनच चाललोय. १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाला विरोध करत स्वतःच्याच पक्षाच्या अध्यक्षाविरुद्ध उतरलेले युजीन मॅकार्थी न्यू हॅम्पशायरला हरले. अध्यक्ष जॉन्सन यांना ४९ टक्के, मॅकार्थींना ४२. त्या हरण्यानंतर तीन आठवड्यांत विद्यमान अध्यक्षाने पुन्हा लढणार नाही म्हणून जाहीर केलं. कॉलेजातली मुलं केस कापून, कोट घालून दारोदार गेली होती त्यांच्यासाठी. १९७२ मध्ये शर्ली चिझम उभ्या राहिल्या, मोठ्या पक्षाची उमेदवारी मागणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री. त्यांना स्वतःच्या पक्षातल्या पुरुषांनीही मनावर घेतलं नाही. अधिवेशनात १५२ डेलिगेटांची मतं घेतली त्यांनी. सँडर्स २०१६ला हरले, पण तासाला १५ डॉलर किमान वेतनाची मागणी पक्षाच्या जाहीरनाम्यात गेली.

हडसनकाठीने वेळ कुणाला द्यायचा? जिंकणाऱ्यालाच दिला तर या माणसांसाठी कोण उभं राहिलं असतं?

बे_एरिया_बंड्या
शुभ्रकळी, आदर आहे, पण हडसनकाठीने स्पष्ट लिहिलंय की उमेदवारी मिळण्याची शक्यता हवी. शिवाय प्रत्येक दोन टक्केवाला चिझम नसतो. कित्येकांना पुस्तक खपवायचं असतं, टीव्हीवर नोकरी हवी असते, मंत्रिपद हवं असतं. मला तरी त्यांना माझे पैसे द्यायचे नाहीत.

शुभ्रकळी
मलाही नाहीत. पण ते ओळखायला तुमचा हिशेबाचा कागद पुरत नाही. तो माणूस काय मागतोय ते ऐकावं लागतं. चिझमबाईंना मिळालेला पैसा अगदी थोडा होता.

मिशिगनमामा
+१ शुभ्रकळी. आणि बंड्याला पण +१, दोघं बरोबर आहात, भांडा.

खडकवासला_ते_डॅलस
मध्येच विचारतो, माफ करा. मी एच-वनबीवर आहे. मला यातलं काय करता येतं?

कागदवाला
देणगी देता येत नाही, अजिबात देऊ नका, कायद्याने मनाई आहे. १ डॉलरही नाही, टी-शर्ट विकत घेणंही देणगीतच धरतात. ग्रीन कार्ड असेल तर देणगी चालते, मतदान नाही. बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम करू शकता, निर्णय घेणाऱ्या कामात मात्र पडायचं नाही.

हडसनकाठी
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. शुभ्रकळीचं वाचून मी अडलोय खरा. पहिल्या पोस्टमध्ये मी शक्यतेबद्दल विचारलं होतं आणि तेच अजून हवंय. पण कशासाठी उभा आहे हे आधी आणि शक्यता नंतर, असा क्रम लावतोय.

एक अडचण उरते. आमची प्रायमरी सहसा जूनमध्ये. तोवर बहुतेक वेळा मार्चमध्येच निकाल लागलेला असतो. मग माझ्या मताचा उपयोग काय?

कागदवाला
मत जूनमध्ये दे, काम आधी कर. अण्णांची दुसऱ्या पसंतीची गोष्ट आणि आयोवाकरीण ताईंची शाळेतली बाई, दोन्ही नोव्हेंबर-डिसेंबरात तपासता येतात. तोवर पैसे देऊ नकोस. १५ ऑक्टोबरचा हिशेब वाच, शिल्लक बघ. मग सुपर ट्यूसडेच्या राज्यांत नाव लागलंय का आणि डेलिगेटांचे अर्ज भरलेत का, ते त्या त्या राज्याच्या निवडणूक कार्यालयाच्या पानावर शोध. भरलेले असतील आणि माणूस पटत असेल तर तेव्हा उतर. न्यू हॅम्पशायर तुला गाडीने चार-पाच तास.

आणि न्यू जर्सीत कुठल्याच पक्षात नोंद नसेल तर प्रायमरीच्या दिवशी केंद्रावरच पक्ष निवडता येतो. एका पक्षात नोंद असून दुसऱ्याची मतपत्रिका हवी असेल तर मात्र अर्ज आधी द्यावा लागतो. तुझी नोंद कशी झालीय ते या आठवड्यातच बघून घे.

आयोवाकरीण
हडसनकाठी, डिसेंबरात न्यू हॅम्पशायरला गेलास तर थर्मल आणि चांगले बूट ने. दारं ठोठावायला दुपारी चारच्या आत निघ, अंधार फार लवकर पडतो. आणि ज्या ऑफिसात जाशील तिथे पहिला प्रश्न हा विचार: इथे येणाऱ्यांपैकी याच गावातले किती?